एमटीबी घ्यायचीय: पैसा फ्रेममध्ये टाकू, फोर्कमध्ये की गिअरमध्ये?

डोंगरमुंगी

नमस्कार मंडळी. चार वर्षं हायब्रिड सायकल चालवली, आता मातीत उतरायचंय, म्हणून एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक. वजन ८८ किलो, उंची १७६ सेंटिमीटर. वाटा म्हणाल तर मुरूम, सुटे दगड, झाडांची मुळं आणि दम काढणारे चढ. उड्या मारायच्या नाहीत, निदान मुद्दाम तरी नाहीत.

महिनाभर स्पेसिफिकेशनचे तक्ते वाचून डोकं फिरलंय. शेवटी तीन पायऱ्यांवर अडकलोय. पहिल्या पायरीवर ट्रेक मार्लिन, जायंट टॅलन यांच्यातल्या तळाच्या सायकली: ३×८ किंवा २×८ गिअर, स्प्रिंगचा फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा चिमटा). दुसऱ्या पायरीवर याच मालिकांमधल्या वरच्या: वन-बाय, म्हणजे पुढे एकच चकती, मागे १० किंवा १२ गिअर, हायड्रॉलिक ब्रेक, काहींना स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा एअर फोर्क. तिसरीवर ट्रेक रोस्को, जायंट फॅदम असल्या दांडग्या हार्डटेल (सस्पेन्शन फक्त पुढे). पहिलीला एक माप पैसे धरले तर दुसरीला दीड ते दोन, तिसरीला अडीचच्या पुढे. माझ्या खिशात दोन मापं आहेत. ताणलं तर सव्वादोन.

शिमानो देओरे म्हणजे चांगलं एवढं कळलंय. म्हणून जिला मागे देओरे लिहिलंय ती उचलावी, असा बेत आहे. चुकतोय का?

मोकळा_पायडल

चुकत नाही. देओरे म्हणजे डोळे मिटून घ्या. उतरंड अशी: टूर्नी, अल्टस, असेरा, अलिव्हिओ, देओरे, एसएलएक्स, एक्सटी, एक्सटीआर. देओरेच्या वर गेलात की वजन कमी होतं आणि खिसाही. खाली गेलात की कटकट.

छर्रेवाला

डोळे मिटून काहीच घेऊ नका हो! मागचा डिरेल्यर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग, हा सायकलीचा दर्शनी भाग आहे. गिऱ्हाईक वाकून तेवढंच वाचतं हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं. म्हणून डिरेल्यर देओरेचा, शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका) त्याच्या खालचा, कॅसेट (मागच्या चकत्यांचा गठ्ठा) तिसऱ्याच कोणाची, चेन आणखी कोणाची, आणि हबवर (चाकाच्या मध्यावर) तर नावच नाही. अशी खिचडी मी शेकड्याने उघडली आहे.

मी सायकली दुरुस्त करतो, म्हणून माझं लक्ष आधी जातं ते सहज बदलता न येणाऱ्या गोष्टींकडे. डिरेल्यर, कॅसेट, टायर, ब्रेक हे सगळं झिजणारं सामान, आज ना उद्या बदलणारच. फ्रेम बदलत नाही. फ्रेमच्या दोन जागा बघा. एक, हेड ट्यूब (फ्रेमची पुढची उभी नळी): फोर्कची दांडी वरपासून खालपर्यंत सरळ २८.६ मिलिमीटरची बसते, की खाली दीड इंचापर्यंत रुंद होणारी टेपर्ड बसते? दोन, मागचा अ‍ॅक्सल: क्विक रिलीज (खटक्याने सुटणारी बारीक दांडी) आहे की १२ मिलिमीटरचा जाड थ्रू-अ‍ॅक्सल? सरळ दांडीच्या फ्रेमला पुढे चांगला फोर्क लावायचा म्हटलं तर बाजारात निवड फारच थोडी उरते, कारण नवे चांगले फोर्क जवळजवळ सगळे टेपर्ड आणि थ्रू-अ‍ॅक्सलचे येतात. फोर्क आला तरी त्यासाठी पुढचं चाक नवं. मग एका फोर्कपायी अर्धी सायकल विकत घ्यावी लागते.

आता मुद्द्याचं. एकाच मालिकेतल्या सायकलींची फ्रेम बहुधा एकच असते. आकडा वाढला की सुटे भाग बदलतात. मालिका बदलली की फ्रेम बदलते. त्यामुळे खालच्या मालिकेतली सगळ्यात भारी सायकल आणि वरच्या मालिकेतली सगळ्यात साधी सायकल समोरासमोर आल्या, तर मी दुसरी घेईन, तिच्यावरचे गिअर हलके असले तरी.

आणि हो, आकड्यांचा घोळ लक्षात ठेवा. मार्लिनमध्ये आकडा मोठा तेवढी सायकल वरची. टॅलनमध्ये उलट, आकडा लहान तेवढी वरची. मार्लिन ४ आणि टॅलन ४ आकड्याने जुळ्या वाटतात, पण टॅलन ४च्या वर टॅलन ३, मार्लिन ४च्या वर मार्लिन ५. याचा घोळ घालून भांडणारे दोघे मी पाहिलेत.

डोंगरमुंगी

छर्रेवाले दादा, हे कुणी सांगितलंच नव्हतं. पण मार्लिनच्या नव्या पिढीत मागे थ्रू-अ‍ॅक्सलसारखं काहीतरी दिसतंय की.

छर्रेवाला

ते थ्रू-स्क्यू. ५ मिलिमीटरचा बारीक अ‍ॅक्सल, एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूला आटे पिळायचे. चाक नीट बसतं, घाईत वाकडं लागत नाही, सोय चांगली आहे. पण आतला हब क्विक रिलीजच्या घराण्यातलाच. १२ मिलिमीटरच्या जाड अ‍ॅक्सलचा ताठपणा त्यात नाही.

एकदात

छर्रेवाल्यांच्या हेड ट्यूबच्या मुद्द्यात एक दुरुस्ती. फ्रेमची हेड ट्यूब आतून ४४ मिलिमीटरची असेल तर खाली बाहेरचा कप लावून टेपर्ड फोर्क बसतो, मूळ फोर्क सरळ दांडीचा असला तरी. ३४ मिलिमीटरची असेल तर नाही. म्हणजे दुकानात फोर्क सरळ दिसला म्हणून लगेच निराश होऊ नका, हेडसेटवरचे (हेड ट्यूबमधल्या बेअरिंगवरचे) आकडे वाचा.

उलट बाजूने तर सोपं आहे. टेपर्ड फ्रेममध्ये सरळ फोर्क एका कड्यावर बसतो.

छर्रेवाला

मान्य. मी सरसकट बोललो.

वाऱ्याची_पोर

फ्रेम, फ्रेम काय चाललंय? त्या माणसाला उद्या दगडांवरून जायचंय, तीन वर्षांनी करायच्या अपग्रेडवरून नाही.

माझं वजन ५१ किलो. पहिली एमटीबी घेतली तेव्हा पुढे १०० मिलिमीटर सस्पेन्शन आहे म्हणून खूश होते. स्प्रिंगचा फोर्क. वर्षभरात तो ४० मिलिमीटरच्या पुढे कधी दबलाच नाही. आत लोखंडी पहार घातल्यासारखा. वर एक निळी घुंडी होती, ती सैल केली तरी काही फरक नाही. नंतर कळलं की ती घुंडी स्प्रिंग मऊ किंवा कडक करतच नाही. ती फक्त सुरुवातीचा दाब बदलते, स्प्रिंग तीच राहते.

मग एअर फोर्क घेतला. शॉक पंपाने हवा भरली, सायकलवर उभी राहिले, सॅग मोजला, थोडी हवा सोडली, पुन्हा मोजला. पंधरा मिनिटांत फोर्क माझ्या मापाचा झाला. त्या दिवशी उतारावर पहिल्यांदा वाटलं की हात माझेच आहेत.

तुमचं उलट होईल. ८८ किलोला तीच स्प्रिंग पहिल्याच खड्ड्यात तळाला आपटेल. सरासरी वजनाच्या माणसासाठी बनवलेली स्प्रिंग हलक्यालाही छळते आणि भारीलाही. म्हणून माझा कौल एअर फोर्कला. फ्रेम क्विक रिलीजची असली तर असू दे.

मोकळा_पायडल

सॅग म्हणजे नक्की किती?

वाऱ्याची_पोर

तुम्ही नुसते सायकलवर, चालवायच्या पवित्र्यात, उभे राहिलात की फोर्क जेवढा दबतो तेवढा. हार्डटेलच्या फोर्कला साधारण एकूण प्रवासाच्या २० ते २५ टक्के धरा. १०० मिलिमीटरचा असेल तर २० ते २५ मिलिमीटर. नळीवर रबराचं कडं असतं, ते खाली सरकवायचं, अलगद चढायचं, अलगद उतरायचं, आणि कडं कुठे थांबलंय ते बघायचं. कडं नसेल तर झिप टाय बांधा, राइडनंतर काढा.

सातवी_चेन

फोर्कची उतरंडही कुणीतरी सांगून टाका. मीच सांगतो. सनटूरमध्ये खालून वर: एक्ससीटी, एक्ससीएम, एक्ससीआर, मग रेडॉन वगैरे. एक्ससीटी स्प्रिंगचा, त्याच्या वरच्या नळ्या २८ मिलिमीटरच्या. एक्ससीआर स्प्रिंगचाही येतो आणि एअरचाही, म्हणून नुसतं नाव वाचून भागत नाही, पुढचं 'एअर' वाचा. रॉकशॉक्समध्ये ज्यूडी ३० मिलिमीटर, रेकॉन ३२, पाइक ३५, झेब ३८. फॉक्सने तर काम सोपं केलंय: ३४, ३६, ३८ ही नावंच नळीच्या जाडीची आहेत.

८८ किलोच्या माणसाने ३२ मिलिमीटरपेक्षा बारीक नळी घेऊ नये असं माझं मत. वळणावर ब्रेक दाबलात की बारीक फोर्क मागे वाकतो आणि चाक म्हणाल तिकडे जात नाही. मूळ सायकल बदलता आली तर बघा. नाही तर ज्यूडीवरही लोक मजेत फिरतात, त्यात काही पाप नाही.

तिरपी_सावली

फोर्कवर एवढं बोलताय म्हणून आठवण करून देतो. हा खेळ सुरू झाला तेव्हा फोर्कला सस्पेन्शन नव्हतंच. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत 'रिपॅक' नावाच्या उतारावर शर्यती सुरू झाल्या त्या जुन्या जाडजूड टायरच्या क्रूझर सायकलींवर. पायडल उलटं फिरवून लागणारे हबमधले ब्रेक होते. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक वेळी हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या वाटेचं नाव रिपॅक. रॉकशॉक्सचा पहिला फोर्क आला तो १९८९ मध्ये.

सांगायचा मुद्दा, साधा ताठ फोर्क आणि जाड टायर हा स्वस्त बजेटमधला प्रामाणिक पर्याय आहे. वाईट सस्पेन्शनपेक्षा सस्पेन्शन नसलेलं बरं. एक किलोच्या आसपास वजन वाचतं ते वेगळंच.

वाऱ्याची_पोर

मुळांनी भरलेल्या उतारावर ताठ फोर्क? तुमच्या मनगटांना माझा दंडवत.

डोंगरमुंगी

मस्त चाललंय, वाखूसा (वाचनखूण साठवली). गिअरबद्दल विचारू का? ३×८ म्हणजे २४ गिअर आणि वन-बाय म्हणजे १० किंवा १२. जास्त पैसे देऊन कमी गिअर घ्यायचे हे पटत नाही.

एकदात

गिअर मोजू नका, दात मोजा. चढावर कामाला येतो तो सगळ्यात हलका गिअर: पुढचे दात भागिले मागचे दात.

जुन्या ३×८ ला पुढे सगळ्यात छोटी चकती २२ दातांची, मागे सगळ्यात मोठी ३४ ची. २२ भागिले ३४ म्हणजे ०.६५. आता १×१० घ्या, पुढे ३०, मागे ११-४६. ३० भागिले ४६, पुन्हा ०.६५! म्हणजे चढावर दोघी सारख्याच. १×१२ मध्ये पुढे ३२, मागे ५१ असेल तर ०.६३, किंचित हलका. पण १×८ दिसली, पुढे ३२ आणि मागे ३४, तर ०.९४. ती घेऊन खड्या चढाला गेलात तर सायकल खांद्यावर घेऊन चढाल. वन-बाय नाव लागलं म्हणून ती आधुनिक होत नाही. पहिल्या पायरीवर अशा सायकली हमखास दिसतात, तेव्हा जपून.

वेगाच्या टोकाला जुनी ३×८ पुढे आहे. ४२ भागिले ११ म्हणजे ३.८, आणि वर सांगितलेल्या १×१० ला ३० भागिले ११ म्हणजे २.७. डांबरी उतारावर पाय नुसते गरगरतील. मातीत त्याचं काही अडत नाही.

मग कमी गिअरला जास्त पैसे का? पुढचा डिरेल्यर, पुढचा शिफ्टर, एक केबल हे सगळं जातं. चिखलात अडकायला आणि बिघडायला एक जागा कमी. हँडलच्या डावीकडची जागा मोकळी होते, तिथे ड्रॉपरचा (चालवता चालवता खाली-वर होणाऱ्या सीटच्या दांडीचा) खटका बसतो. आणि वन-बायच्या चांगल्या डिरेल्यरमध्ये क्लच असतो, त्यामुळे दगडांवर चेन फडफडत नाही, पडत नाही.

इथेच आमच्या मोकळ्या पायडलांच्या 'डोळे मिटून देओरे'ला खिळा लागतो. देओरे एम ४१२० डिरेल्यरला क्लच नाही. एम ५१२० ला आहे. दोन्हींवर नाव देओरेच.

मोकळा_पायडल

शरणागती. माझ्याकडे ४१२० च आहे. म्हणून चेन पडत होती होय!

एकदात

पुढची चकती आड-एक जाड दातांची आहे ना? नॅरो-वाइड. ती लावा, निम्मं दुखणं जाईल. आणि चेनची लांबी तपासा.

सातवी_चेन

मायक्रोशिफ्टचं नाव कुणीच घेतलं नाही. अ‍ॅडव्हेंट एक्स, १० गिअर, ११-४८ कॅसेट, डिरेल्यरला क्लच. मी दोन वर्षं चालवतोय. शिमानोसारखं मख्खन नाही, खटके जरा राकट आहेत, पण काम चोख. बजेट सायकलीला याच्याइतकी शहाणी अपग्रेड मला दुसरी माहीत नाही.

शिमानोने २०२३ मध्ये क्यूज आणलं, त्याने अल्टस, असेरा, अलिव्हिओ यांची जागा घ्यायला सुरुवात केली. ९, १० आणि ११ गिअरमध्ये येतं. दात जाड, टिकाऊ. पण जुन्या १० गिअरच्या देओरे शिफ्टरबरोबर त्याची कॅसेट जुळत नाही, तारेची ओढ वेगळी आहे. जुनं-नवं मिसळायला जाऊ नका.

छर्रेवाला

गिअरवर आलोच आहोत तर मागच्या हबबद्दल बोलू द्या, कारण धागाकर्त्यांच्या वजनाला हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि तक्त्यात ते सगळ्यात बारीक अक्षरात असतं.

स्वस्त सायकलीला मागे फ्रीव्हील असतं, महागाला कॅसेट. बाहेरून सारखंच दिसतं. फ्रीव्हील हबवर आट्यांनी पिळलेलं असतं, आणि उजवीकडचे छर्रे त्याच्या आतल्या बाजूला, चाकाच्या मध्याकडे बसतात. तिथून फ्रेमपर्यंत अ‍ॅक्सल आधाराशिवाय लोंबकळतो. ७-८ चकत्यांचं फ्रीव्हील म्हणजे ती लोंबकळ आणखी लांब. कॅसेटच्या हबमध्ये फ्रीहब (कॅसेट जिच्यावर चढते ती खाचांची नळी) असतो आणि उजवीकडचे छर्रे पार बाहेर, फ्रेमजवळ. आधार दोन्ही टोकांना.

माझ्याकडे ९० किलोच्या पुढचे एक गृहस्थ यायचे. आठ महिन्यांत तीन अ‍ॅक्सल वाकवले, एक मोडला. दर वेळी मी नवीन घालायचो आणि दर वेळी सांगायचो की चाक बदला. ते म्हणायचे, रस्ते वाईट आहेत. चौथ्यांदा कॅसेट हबचं चाक घातलं, त्यानंतर अ‍ॅक्सलसाठी पुन्हा आले नाहीत. रस्ते तेच होते.

पहिल्या पायरीची सायकल घेणार असाल तर दुकानात एवढंच विचारा: कॅसेट का फ्रीव्हील? ८८ किलोला मातीत फ्रीव्हील नको म्हणजे नकोच. यावर मी वाद घालणार नाही.

फ्रीहबच्या खाचाही बघून ठेवा. ८ ते ११ गिअरच्या शिमानो कॅसेट एकाच एचजी फ्रीहबवर बसतात. स्रॅमच्या एसएक्स आणि एनएक्स ईगल १२ गिअरच्या असून त्याच एचजीवर बसतात, म्हणून त्यांची छोटी चकती ११ दातांची. शिमानो देओरेच्या १२ गिअरला मायक्रो स्प्लाइन लागतो, स्रॅम जीएक्सला एक्सडी. १० दातांची छोटी चकती एचजीवर मावतच नाही. म्हणजे 'नंतर १२ गिअर टाकू' म्हणणाऱ्याला कधीकधी नवा फ्रीहब, नशीब वाईट असेल तर नवं चाकच घ्यावं लागतं.

डोंगरमुंगी

म्हणजे पहिली पायरी बाद. बरं झालं, एक ओझं उतरलं.

ब्रेक?

वाऱ्याची_पोर

हायड्रॉलिक. संपलं.

छर्रेवाला

जवळजवळ संपलं. 😄 शिमानो एमटी २०० हा अगदी तळाचा हायड्रॉलिक, पण चांगल्या तारेच्या डिस्कपेक्षाही मला तो बरा वाटतो. बोटाचं काम आहे, तेल मिनरल. स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट ५.१ लागतं, ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून वेळच्या वेळी बदलावं लागतं. एकाचं तेल दुसऱ्यात घातलंत तर आतली रबरं फुगून ब्रेक कायमचा जातो.

वजन जास्त असेल तर पुढचा रोटर (ब्रेकची चकती) १६० मिलिमीटरवरून १८० करा. व्यास साडेबारा टक्क्यांनी वाढतो, तेवढाच ब्रेकचा जोरही. अडॅप्टर आणि रोटर, बाकी काही नाही. फक्त तुमच्या फोर्कला १८० चालतो ना, ते आधी बघा.

तिरपी_सावली

रोटरवर काय कोरलंय तेही वाचा. माझ्या स्वस्त रोटरवर 'फक्त रेझिन पॅड' अशा अर्थाची सूचना कोरलेली होती. मी अतिशहाणा, जास्त टिकतात म्हणून धातूचे पॅड घातले. दोन महिन्यांत रोटरला नखाला लागतील अशा खाचा पडल्या. रोटर मऊ पोलादाचा होता, धातूच्या पॅडने तो खाल्ला. चूक माझीच, सूचना डोळ्यांसमोर होती.

सातवी_चेन

टायर राहिले. मूळ टायर कडक रबराचे आणि तारेच्या काठाचे असतील तर ते रस्त्यासाठी ठेवा. पुढे चांगला, मऊ रबराचा, २.४ रुंदीचा टायर टाका, मॅक्सिस मिनियन डीएचएफच्या जातीचा. मागे जरा वेगाने पळणारा, रेकॉनसारखा. (हा मॅक्सिसचा रेकॉन, वरचा रॉकशॉक्सचा रेकॉन वेगळा. इंग्रजी स्पेलिंगही वेगळं आहे, आपल्या लिपीत मात्र जुळे.) पुढचं चाक घसरलं की माणूस पडतो, मागचं घसरलं तर बहुतेक वेळा सावरतो. म्हणून चांगला टायर पुढे.

मोकळा_पायडल

एक शंका, हसू नका. तिसऱ्या पायरीच्या पैशांत थोडी भर घातली तर फुल सस्पेन्शन मिळतेय. जायंट स्टान्स, पॉलिगॉन सिस्किऊ वगैरे. मग हार्डटेल कशाला?

एकदात

हसत नाही. तेवढ्याच पैशांत मागचा शॉक, लिंका, बेअरिंग हे सगळं बसवायचं तर कुठूनतरी कापावं लागतं. ते फोर्कमधून, चाकांमधून, ब्रेकमधून कापलं जातं. स्टान्सने एक हुशारी केलीय: मागच्या त्रिकोणात बेअरिंगऐवजी नळीचीच लवचीकता वापरली, फ्लेक्सपॉइंट म्हणतात. सांधे कमी, देखभाल कमी. तरी शॉक उरतोच. रॉकशॉक्स स्वतः सांगतं की फोर्कचा खालचा भाग दर ५० तासांनी उघडून तेल बदला. मागच्या शॉकची हवेची नळीही तशीच. आठवड्याला चार तास चालवलीत तर तीन महिन्यांनी हजेरी. हे ज्याला झेपेल त्याने घ्यावी.

छर्रेवाला

आणि झेपत नाही म्हणून विकलेल्या फुल सस्पेन्शन माझ्याकडे येतात त्या अशा: मागचा त्रिकोण हाताने डावी-उजवी हलतो, बेअरिंगमधून गंज वाहतोय. हत्ती घेता येतो, चारा परवडत नाही.

डोंगरमुंगी

ठरत आलंय. दोन मापांत नवी घ्यायची तर दुसरी पायरी: एअर फोर्क, हायड्रॉलिक, पण क्विक रिलीज. पण एका ओळखीच्या माणसाकडे तिसऱ्या पायरीची वापरलेली हार्डटेल आहे. पावणेदोन मापांत देतोय. टेपर्ड हेड ट्यूब, मागे १२×१४८ थ्रू-अ‍ॅक्सल, ३५ मिलिमीटर नळीचा १३० मिलिमीटरचा एअर फोर्क, एनएक्स ईगल. ड्रॉपर आहे, पण वर यायला आळस करतो. चेन-कॅसेट झिजलीय असं तो स्वतःच सांगतोय. काय बघू?

छर्रेवाला

स्वतः सांगतोय म्हणजे निम्मं काम झालं.

फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवा, सगळीकडून. नख अडकलं तर सील फाटत राहणार, सौदा सोडा. हेड ट्यूबला नळ्या मिळतात तिथे आणि पायडलच्या बेअरिंगपाशी (बॉटम ब्रॅकेट, क्रँक फ्रेममधून जातो तिथे) ओलं फडकं मारून रंगातली बारीक रेघ शोधा. रेघ रंगाची आहे की धातूची, शंका आली तरी सोडा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, हेडसेटमध्ये टकटक येते का बघा. ती सैल बोल्टाची असेल तर सोपी, पण ऐकून ठेवा. मागचं चाक डावी-उजवी हलवा. चाक फिरवून रिम वाकडी आहे का बघा.

चेन-कॅसेट झिजलीय हा तुमचा फायदा आहे, भाव पाडायला. एनएक्स म्हणजे फ्रीहब एचजी. त्यामुळे पुन्हा १२ गिअरच घ्यायला हवेत असं नाही. देओरे एम ५१०० ची ११ गिअरची ११-५१ कॅसेट त्याच फ्रीहबवर बसेल. शिफ्टर, डिरेल्यर, चेन सोबत बदलावे लागतील. नाहीतर सातव्या चेनचं मायक्रोशिफ्ट आहेच.

एकदात

आधी त्याचा हँगरही बघा. डिरेल्यर ज्यावर टांगलेला असतो तो छोटा तुकडा. वाकडा असेल तर नवा ग्रुपसेट घालूनही गिअर नाचतील. २०१९ मध्ये स्रॅमने यूडीएच आणला, तो असेल तर सुटा हँगर कुठेही मिळतो. दुसरा कोणता असेल तर आत्ताच एक जादा घेऊन ठेवा.

वाऱ्याची_पोर

आणि आकार! पायऱ्या, फोर्क, छर्रे सगळं झालं, फ्रेमचा साइज कुणी विचारला का? चुकीच्या साइजची तिसरी पायरी ही बरोबर साइजच्या दुसरीपेक्षा वाईट. १७६ ला बहुतेक कंपन्यांची मीडियम किंवा लार्ज येते. उभं राहून चालवून बघा, गुडघे हँडलला लागतात का, हात पार ताणले जातात का. तक्त्यात रीच (क्रँकच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर) बघा, सीट ट्यूबचे इंच नव्हे.

डोंगरमुंगी

तीन आठवड्यांनी आलो. घेतली! साइज लार्ज, दोन तास चालवून मगच पैसे दिले. नळ्या स्वच्छ, रेघ नाही. हेडसेटमध्ये टकटक होती, बोल्ट आवळल्यावर गेली. हँगर वाकडा निघाला, बदलला. मायक्रोशिफ्ट अ‍ॅडव्हेंट एक्स टाकलं, पुढे ३० ची चकती ठेवली. एकदातांच्या हिशोबाने ३० भागिले ४८, ०.६३. १×१२ च्या ३२-५१ इतकंच! बजेट दोन मापांच्या आत राहिलं, उरलेल्यात हेल्मेट, शॉक पंप आणि पुढचा टायर.

सॅग ३० मिलिमीटर ठेवलाय. टायरमध्ये हवा पुढे २४, मागे २७ पीएसआय, ट्यूबलेस. पहिल्या उतारावर मी ब्रेक कमी आणि तोंड जास्त वापरलं.

एकच त्रास. चढावर बसून जोर लावला की दर पायडलला कुर्र कुर्र येतं. पायडलचं बेअरिंग गेलं वाटतं. उघडायला देऊ का?

छर्रेवाला

थांबा. उभं राहून पायडल मारल्यावर येतो का आवाज?

डोंगरमुंगी

नाही. बसल्यावरच.

छर्रेवाला

मग बेअरिंगला हात लावू नका. ड्रॉपर बाहेर काढा, केबल ओढली जाईल तेवढी सांभाळा, फ्रेमच्या आतली बाजू पुसा, पातळ ग्रीस लावा, क्लॅम्पही पुसा. सीटचे दोन बोल्ट सोडून पुन्हा आवळा.

डोंगरमुंगी

सीटचाच एक बोल्ट सैल होता. गप्प झाली.